रा. रा. संशयराव यांना अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री संशयराव यांचे सेवेशी,

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपला मुक्काम एके ठिकाणी नसतो, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहीत आहे. वॉशिंग्टनच्या न्याय खात्यात आपल्याला मानाचं पान आहे, बीजिंगमध्ये आपल्या शब्दाबाहेर कुणी जात नाही, आणि आमच्या नवी दिल्लीतही आपलं जाणं-येणं असतं. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत तर आपण आता घरच्यासारखे वावरता. देशाचं संशोधन परक्यांच्या हाती पडू नये म्हणून आपण रात्रीचा दिवस करता. त्या कष्टांचा जाहीर सत्कार अजून कुणी केलेला नाही. ती उणीव भरून काढावी, एवढाच या पत्राचा हेतू.

सर्वांत आधी चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाच्या वतीने आपले आभार मानले पाहिजेत. छिएन श्वेसन हा तरुण १९३५ मध्ये अमेरिकेत शिकायला आला. कॅलटेकमध्ये थिओडोर फॉन कारमान यांच्या हाताखाली तयार झाला, जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या संस्थापकांपैकी एक ठरला. दुसरं महायुद्ध संपताना जर्मन रॉकेटतज्ज्ञांची चौकशी करायला अमेरिकेने ज्यांना पाठवलं, त्यांत तो होता. १९५० मध्ये आपण त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारलात आणि त्याचं सामान जप्त करवलंत. त्यातल्या आकड्यांनी भरलेल्या ज्या कागदांत आपल्याला गुप्त लिपी दिसली, ती लॉगॅरिथमची कोष्टकं निघाली. आमच्याकडे अकरावी-बारावीची पोरं ती दप्तरात घेऊन हिंडत असत.

हेरगिरी काही सिद्ध झाली नाही. पाच वर्षं अडकवून ठेवल्यावर १९५५ मध्ये आपण त्याला चीनकडे जाणाऱ्या बोटीत बसवून दिलंत. पुढच्याच वर्षी चीनने क्षेपणास्त्र संशोधनाची संस्था काढली आणि ती त्याच्या हाती सोपवली. अमेरिकेतून एवढं मोठं घबाड चीनला पोचवणं कुठल्या हेराला जमलं नसतं. ते आपण सरकारी खर्चाने करून दाखवलंत.

इतक्या मोठ्या यशानंतर कुणीही थकला असता, पण आपण थकला नाहीत. २१ मे २०१५ च्या पहाटे फिलाडेल्फियाजवळच्या एका घराचं दार आपण ठोठावलंत. टेम्पल विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक शी श्याओशिंग यांना बंदूकधारी अधिकाऱ्यांनी बायको आणि मुलींच्या डोळ्यांदेखत बेड्या घातल्या. ‘पॉकेट हीटर’ नावाच्या उपकरणाचे आराखडे त्यांनी चीनमधल्या सहकाऱ्यांना ईमेलने पाठवले, असा आरोप होता. मॅग्नेशियम डायबोराइड या अतिसंवाहक पदार्थाचे पातळ थर तयार करायला हे उपकरण वापरतात.

मग त्या विषयातल्या जाणकारांनी ते आराखडे पाहिले. त्यांत खुद्द पॉकेट हीटर तयार करणाऱ्यांपैकी एकजण होता. त्यांनी शपथेवर सांगितलं, की आराखड्यांतलं उपकरण पॉकेट हीटर नाहीच. सप्टेंबरात आरोप मागे घ्यावे लागले. ‘ध’चा ‘मा’ करण्याचं श्रेय आमच्याकडे आनंदीबाईंच्या नावावर जमा आहे, पण त्यांनी निदान मूळ कागद वाचला होता. दार ठोठावण्याआधी आराखडा वाचता येणारा एक माणूस गाठावा, एवढं आपल्याला सुचलं नाही. आपल्या मागे कामंच इतकी असतात!

नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या कार्याला सरकारी पाटी लाभली: ‘चायना इनिशिएटिव्ह’. व्यापारातली आणि संशोधनातली चिनी चोरी पकडण्यासाठी अमेरिकेच्या न्याय खात्याने ही मोहीम काढली. डिसेंबर २०२१ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ या नियतकालिकाने आपल्या पराक्रमांची मोजदाद केली. ७७ प्रकरणं आणि सुमारे १५० आरोपी भरले. दर दहा आरोपींमागे जवळपास नऊजण चिनी वंशाचे. दोषी ठरला साधारण चौथा हिस्सा. आर्थिक हेरगिरीच्या कायद्याखाली खटला झाला तोही जेमतेम पाव प्रकरणांत. विद्यापीठातल्या अनेक प्राध्यापकांवरचा आरोप एवढाच, की अनुदानाच्या अर्जात परदेशी संबंधाचा अमुक रकाना भरला नाही. रकान्यातली चूक आणि हेरगिरी यांना एकाच मापाने मोजणारी आपली समदृष्टी संतांनाही लाजवील.

नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठातल्या हू आनमिंग यांच्यावर तर आपण विशेष लोभ केलात. एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने गूगलवर शोधाशोध केली, एक चिनी पत्रक गूगलकडूनच भाषांतरित करून घेतलं आणि तपास उभा केला. हू आणि विद्यापीठात शिकणारा त्यांचा मुलगा यांच्यावर जवळपास दोन वर्षं पाळत ठेवली. हू चीनच्या लष्कराशी संबंधित आहेत अशी समजूत विद्यापीठातल्या वरिष्ठांची करून दिली. विमानप्रवासाच्या बंदी-यादीत त्यांचं नाव घातलं. पुढे न्यायालयात त्याच अधिकाऱ्याला कबूल करावं लागलं, की ही सगळी माहिती खोटी होती.

दोन वर्षं पाळत ठेवून हेरगिरी सापडेना, तेव्हा नासाच्या अनुदानात फसवणूक केल्याचा आरोप ठेवलात. जून २०२१ मध्ये ज्यूरीचं एकमत झालं नाही. सप्टेंबरात न्यायाधीशांनी हू यांची सगळ्या आरोपांतून निर्दोष सुटका केली. तोवर नोकरी गेली होती आणि वर्षभराहून अधिक काळ ते घरातच स्थानबद्ध होते. नोकरी पुढे परत मिळाली. ती मधली वर्षं परत देण्याची सोय आपल्या खात्यात नसावी.

१४ जानेवारी २०२१ हा दिवस तर आपल्या चरित्रात सुवर्णाक्षरांनी लिहावा असा. त्या दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारी खात्यांना एक आदेश दिला: संशोधकांनी परदेशी संबंधांची माहिती काय आणि कशी द्यायची, याचे नियम सगळीकडे सारखे करा. म्हणजे तोवर ते सारखे नव्हते, हे सरकारलाच मान्य होतं. आणि त्याच दिवशी, ती माहिती दिली नाही म्हणून, आपण एमआयटीचे प्राध्यापक गांग चेन यांना अटक केलीत.

चेन यांच्या शंभराहून अधिक सहकाऱ्यांनी जाहीर पत्र काढून ‘आम्ही सगळेच गांग चेन आहोत’ असं आपल्याला कळवलं. वर्षभराने आरोप मागे घेतले गेले, कारण ज्या गोष्टी सांगितल्या नाहीत म्हणून अटक झाली, त्या सांगणं त्या वेळी बंधनकारक नव्हतंच. सुटकेनंतर सुमारे सहा महिन्यांनी क्युबिक बोरॉन आर्सेनाइड या अर्धवाहकावरचं त्यांच्या गटाचं संशोधन जगासमोर आलं. उष्णता आणि वीज दोन्ही उत्तम वाहून नेणारा हा पदार्थ इलेक्ट्रॉनिक्सला हवाच आहे. ज्या माणसाने हे केलं, त्याला आपण वर्षभर वकिलांच्या दारात उभं ठेवलंत. कॅन्सस विद्यापीठातल्या फेंग ताओ यांच्या वाट्याला तर पाच वर्षं आली. २०१९ मध्ये झालेल्या अटकेनंतर शेवटचा ठपका पुसायला त्यांना जुलै २०२४ उजाडला.

या सगळ्याचं फळही आपल्याला मिळालं. अमेरिकेतल्या चिनी वंशाच्या सुमारे १,३०० शास्त्रज्ञांची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ७२ टक्क्यांना संशोधक म्हणून आपण सुरक्षित आहोत असं वाटत नव्हतं. ६१ टक्क्यांच्या मनात अमेरिका सोडण्याचा विचार येऊन गेला होता. पूर्वी सरकारी अनुदान मिळवलेल्यांपैकी ४५ टक्क्यांना आता ते नकोसं झालं होतं. बीजिंगने ‘थाउजंड टॅलेंट्स’ योजना काढून, पैशांच्या राशी ओतून ज्यांना मायदेशी बोलावलं, त्यांना आपण एक दमडी न देता दारापर्यंत सोडायला निघालात. असा निःस्वार्थ सेवक चीनला शोधूनही सापडणार नाही.

आपल्या बीजिंग शाखेचं कौतुक केलं नाही, तर तो पक्षपात ठरेल. जानेवारी २०२० मध्ये शांघायचे विषाणूतज्ज्ञ झांग योंगझेन यांनी नव्या करोनाविषाणूची जनुकीय रचना उलगडली आणि ११ तारखेला सिडनीच्या एडवर्ड होम्स यांच्यामार्फत ती सगळ्या जगाला खुली केली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या प्रयोगशाळेला ‘सुधारणे’साठी कुलूप लागलं. पण रचना तोवर बाहेर पडली होती. तिच्यावरून ऑक्सफर्डमध्ये लस आखली गेली आणि त्या लसीच्या कुप्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये भरल्या गेल्या. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या दंडात ती कोविशिल्ड टोचलेली आहे. शांघाय, सिडनी, ऑक्सफर्ड आणि पुणे या साखळीतली एखादी कडी आपण वेळेवर गाठली असती, तर किती घरांत माणसं कमी झाली असती?

निसर्गालाही आपली शिस्त समजत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. गुरुत्वीय लहर आकाशात कुठून आली, हे एकट्या वेधशाळेला नीट सांगता येत नाही. दूरदूरच्या वेधशाळांत ती किती अंतराने पोचली, ते मोजावं लागतं. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली, तेव्हा अमेरिकेतल्या दोन आणि इटलीतल्या एका यंत्रणेने मिळून जागा सांगितली. मग जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. नारायणगावजवळची खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही त्यांत होती. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही तशीच वेधशाळा उभी राहायची आहे, तीही अमेरिकेबरोबरच्या करारातून. हे काम कुठल्याही एका देशाला, कितीही पैसा ओतून, आपल्या कुंपणात राहून करता येणारं नाही.

हा अमेरिका आणि चीन यांचा मामला, आपल्याला काय त्याचं, असं म्हणणारे मराठी वाचकही असतील. त्यांना आपली जुनी ओळख करून देतो. १९८० च्या दशकात भारताला हवा होता तेवढ्या ताकदीचा क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही. दिला तो कमी ताकदीचा, हवामान अंदाजासाठी, आणि अटींसकट. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक जन्माला आली आणि अकोला जिल्ह्यातून आलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या परमच्या पोटात ब्रिटनमध्ये घडवलेल्या ट्रान्सप्युटर चिप होत्या. स्वावलंबनालाही परक्या दारावरून जावं लागतं, हे त्या यंत्राने दाखवून दिलं.

फेब्रुवारी २००६ मध्ये गोवर्धन मेहता फ्लोरिडातल्या परिषदेला निघाले होते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे ते माजी संचालक, आणि त्या वेळी जगभरच्या विज्ञान संस्थांच्या परिषदेचे अध्यक्ष. चेन्नईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाने त्यांना व्हिसा नाकारला, कारण त्यांचा विषय रसायनशास्त्र! रसायनं म्हटली की आपल्याला रासायनिक अस्त्रं आठवतात. ओरड झाल्यावर व्हिसा देऊ केला गेला, पण मेहता गेले नाहीत. चिनी आडनाव नाही म्हणून आपण निवांत आहोत असं मानणाऱ्या प्रत्येक मराठी पालकाने, ज्याचं पोर आज अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करतंय, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आणि घरचं काय सांगावं! इस्रोच्या नंबी नारायणन यांना नोव्हेंबर १९९४ मध्ये आपल्याच सांगण्यावरून अटक झाली. क्रायोजेनिक इंजिनाचं गुपित विकल्याचा आरोप होता, आणि ते इंजिन तेव्हा भारताकडे नव्हतंच. १९९६ मध्ये सीबीआयने आरोप खोटे असल्याचं सांगितलं. पन्नास लाखांची भरपाई द्या, असं सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०१८ साल उजाडलं. जानेवारी २०२१ मध्ये आमच्या शिक्षण मंत्रालयाने फर्मान काढलं, की देशाच्या सुरक्षेशी किंवा अंतर्गत बाबींशी संबंध असलेल्या विषयावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषद घ्यायची तर आधी परवानगी आणा. अंतर्गत बाब म्हणजे काय, हे त्यात नीट सांगितलेलंच नव्हतं. देशातल्या विज्ञान अकादम्यांनी विरोध केला आणि पुढच्याच महिन्यात ते मागे घ्यावं लागलं.

चोर नसतोच, असं माझं म्हणणं नाही, संशयराव. चीनच्या गुप्तचर खात्याचा अधिकारी शू यानजुन खरा चोर होता. जीई एव्हिएशनच्या विमान-इंजिनातल्या पात्यांचं तंत्रज्ञान उचलायला तो निघाला होता. व्याख्यानाचं आमंत्रण देऊन तिथल्या अभियंत्याला त्याने आधी चीनमध्ये बोलावून घेतलं होतं. कंपनीने एफबीआयला साथ दिली, तपासनिसांनी धीर धरला, २०१८ मध्ये त्याला बेल्जियममध्ये पकडलं आणि पुराव्यानिशी वीस वर्षांची शिक्षा झाली. हार्वर्डच्या चार्ल्स लीबर यांनी वुहानच्या विद्यापीठाशी महिन्याला ५०,००० डॉलरपर्यंतचा करार केला आणि विचारल्यावर खोटं सांगितलं. न्यायालयाने त्यांना दोषी धरलं. लीबर जन्माने अमेरिकन. आडनावं चाळत बसणाऱ्याला ते कधी सापडले नसते. आमच्या पुण्यातही २०२३ मध्ये संरक्षण प्रयोगशाळेतल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला अटक झाली. गुपितं पाकिस्तानला पोचवल्याचा त्यांच्यावर आरोप आहे, तोही कुठल्या परिषदेतून नव्हे, मोबाइलवरच्या गप्पांतून. खटल्याचा निकाल न्यायालय देईल.

म्हणून धोका खरा आहे. चीनच्या २०१७ च्या गुप्तवार्ता कायद्याने तिथल्या प्रत्येक नागरिकावर आणि संस्थेवर गुप्तचर कामाला मदत करण्याचं बंधन आहे, आणि चीनमधल्या विद्यापीठाशी हातमिळवणी करताना ते विसरणं बेजबाबदारपणा ठरेल. राग आहे तो एवढ्यासाठी, की आपण चोर सोडून संन्याशाला सुळावर देता, आणि त्या गडबडीत चोराला वेळ मिळतो.

वाड्यात तिजोरीला कुलूप घालायचं असतं, अंगणाला नाही. ही अक्कल कुणा भाबड्या शांतिदूताची नाही. शीतयुद्धाच्या ऐन भरात, सप्टेंबर १९८५ मध्ये, रोनाल्ड रेगन यांच्या सरकारने तसं लेखी धोरण ठरवलं. मूलभूत संशोधन शक्य तितकं खुलं राहील, आणि जे राखायचं आहे त्यावर ‘गुप्त’ असा शिक्का मारून ते रीतसर राखलं जाईल. रेषा विषयावर ओढायची, माणसाच्या पासपोर्टवर नाही. नेदरलँड्सने २०२२ मध्ये सरकारी मदतकक्षच उघडला. परदेशी करार करण्याआधी विद्यापीठातल्या कुणालाही शंका आली, तर तिथे विचारता येतं. विचारणाऱ्याला उत्तर मिळतं, बेड्या मिळत नाहीत.

आपली ‘चायना इनिशिएटिव्ह’ची पाटी फेब्रुवारी २०२२ मध्ये उतरवली गेली. पण आपल्या चाहत्यांना करमत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने आपल्याला पुन्हा बोलावणारं विधेयक मंजूर केलं होतं. तेव्हा त्याचा कायदा झाला नाही, तरी आपण बॅग भरूनच बसलेले असाल. म्हणून हात जोडून विनवणी: यायचंच असेल, तर तिजोरीपाशी बसा. अण्वस्त्रं, क्षेपणास्त्रं, लष्करी उपयोगाच्या चिप यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. वर्गात, ग्रंथालयात आणि परिषदेच्या चहापानात फिरू नका.

आणि हे पत्र आपल्या खांद्यावरून वाचणाऱ्या विद्यापीठातल्या मंडळींना सांगतो. प्रत्येक परदेशी करार, मानधन आणि पद लिहून जाहीर करा. जो करार लपवावासा वाटतो, तो करूच नका. सरकारकडे परवानग्यांचे ढीग मागू नका, चार स्पष्ट नियम आणि शंका विचारायला एक जागा मागा. आणि काहीही न लपवणाऱ्या सहकाऱ्याच्या दाराशी पहाटे कुणी आलं, तर न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत गप्प बसू नका. एमआयटीतल्या शंभराहून अधिक प्राध्यापकांनी केलं तसं सही करून, नावानिशी, पहिल्या आठवड्यातच त्याच्या बाजूला उभे राहा.

कळावे.

आपल्याला पुरता ओळखून असलेला,
एक मराठी वाचक